धनुष्य : जोडलेले आणि वाढलेले

गेली काही वर्षे आम्ही दोन-तीन मित्र सुटीच्या दिवसांत धनुष्ये बनवतो. आमचे रोजचे काम प्रयोगशाळेतले, पदार्थांच्या गुणधर्मांचा अभ्यास करण्याचे. त्यामुळे सुरुवात साहजिकच आम्हाला ठाऊक असलेल्या पद्धतीने झाली. मध्ये लाकडाच्या पातळ पट्ट्या, दोन्ही बाजूंना काचतंतूंचे पापुद्रे आणि त्यांना जोडणारे इपॉक्सी चिकटद्रव्य. साचा करायचा, थर लावायचे, शिकंज्यात दाबून ठेवायचे, दुसऱ्या दिवशी घासून नीट करायचे. धनुष्य तयार. ते चांगले चालायचेही.

एकदा मे महिन्यात असेच एक धनुष्य घेऊन आम्ही नाशिकहून कळवण तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत निघालो. स्थितिस्थापकतेचा धडा मुलांना प्रत्यक्ष दाखवावा, असा बेत होता. वाटेत जेवायला थांबलो. धनुष्य, दोरी चढवलेले, तसेच बंद जीपमध्ये उन्हात राहिले. शाळेत पोहोचून पाहतो तर एका बाजूचे थर सुटून वर आले होते. कारण समजायला आम्हाला वेळ लागला नाही. घरच्या तापमानाला घट्ट होणारी बरीचशी इपॉक्सी चिकटद्रव्ये ५० ते ६० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ होऊ लागतात. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत तापमान सहज तेवढे चढते. त्यात धनुष्य ताणलेले. थर एकमेकांवरून सरकले.

मुलांसमोर काय दाखवावे या विचारात असताना सातवीतला एक मुलगा म्हणाला, "सर, माझ्या आज्याचा कमठा तर चुलीवरच टांगलेला असतो. त्याला काही होत नाही."

त्या दिवशीचा धडा आम्ही कसाबसा पार पाडला. पण त्या मुलाच्या वाक्याने आमचा पुढचा सगळा उद्योगच बदलला. तो कसा बदलला आणि त्यातून वर्गात करण्याजोगे काय हाती आले, ते या लेखात मांडत आहोत.

धनुष्य नेमके काय करते?

आपण हाताने दगड फेकतो तेव्हा स्नायूंची ऊर्जा थेट दगडाला मिळते. हात जितक्या वेगाने हलेल तितकाच वेग दगडाला मिळू शकतो. धनुष्याची युक्ती वेगळी आहे. आपण ते सावकाश ओढतो, त्यात ऊर्जा साठते आणि सोडल्यावर ती अगदी थोड्या वेळात बाणाला मिळते. म्हणजे धनुष्य हे ऊर्जा निर्माण करत नाही. ते ऊर्जा साठवते आणि झटकन परत करते.

किती ऊर्जा साठते हे शाळेतल्या ताणकाट्याने मोजता येते. धनुष्य भिंतीतल्या मजबूत खुंटीला अडकवा, दोरीला ताणकाटा लावा आणि दर पाच सेंटिमीटरला किती बल लागते ते लिहून काढा. आडव्या अक्षावर अंतर, उभ्या अक्षावर बल घेऊन आलेख काढा. आलेखाखालचे क्षेत्रफळ म्हणजे साठलेली ऊर्जा. चौकोन मोजूनही ते काढता येते. समजा बल शून्यापासून सारखे वाढत गेले आणि ४० सेंटिमीटर ओढल्यावर काट्यावर १० किलोग्रॅम दिसले, म्हणजे बल सुमारे ९८ न्यूटन झाले, तर ऊर्जा अर्धा गुणिले ९८ गुणिले ०.४, म्हणजे जवळपास २० ज्यूल. एक किलोचे वजन दोन मीटर उचलायला जेवढी ऊर्जा लागते तेवढीच ही. पण ती २५ ग्रॅमच्या बाणाच्या वाट्याला येते. तिच्यातली ६० टक्केच बाणाला मिळाली असे धरले तरी बाणाचा वेग सेकंदाला सुमारे ३१ मीटर होतो. बाकीची ऊर्जा कुठे गेली? धनुष्याची टोके आणि दोरी यांनाही पुढे धावावे लागते, त्यात ती खर्च झाली. म्हणून टोके हलकी असणे महत्त्वाचे.

शिंग, कंडरा आणि सरस

धनुष्य वाकवले की त्याची नेमबाजाकडून दूर असलेली बाजू ताणली जाते आणि नेमबाजाकडची बाजू दाबली जाते. कारागिरांच्या भाषेत पहिली पाठ आणि दुसरी पोट. मधल्या एका पातळीवर ना ताण असतो ना दाब. एकाच काठीला एकाच वेळी ही दोन उलट कामे करावी लागतात, आणि एकच पदार्थ दोन्ही कामांत सारखाच तरबेज असेल असे नाही.

मध्य आशियातल्या घोडेस्वारांनी यावर फार जुन्या काळी उत्तर शोधले होते. पोटाला शिंग लावायचे, कारण शिंग दाब चांगला सोसते. पाठीला जनावराच्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे चिवट तंतू, पिंजून लावायच्या, कारण त्या ताण सोसतात. मध्ये लाकडाचा किंवा बांबूचा गाभा आणि सगळ्यांना जोडायला सरस. हेच संमिश्र धनुष्य. भारतात ते मुघल काळात भरपूर वापरात होते आणि त्यात म्हशीचे शिंग वापरत. आजकाल स्पर्धांत दिसणारे कप्प्यांचे 'कंपाउंड' धनुष्य वेगळे. त्यातली करामत कप्प्यांची आहे. संमिश्र धनुष्यातली करामत थरांची.

संमिश्र धनुष्याचा फायदा आकड्यांत पाहू. एक किलो पदार्थ न मोडता जास्तीत जास्त किती ऊर्जा साठवू शकेल याचे ढोबळ आकडे असे : पोलाद सुमारे १३० ज्यूल, युरोपात धनुष्यांसाठी नावाजलेले यू झाडाचे लाकूड सुमारे १,१००, शिंग १,५००, कंडरा २,५०० आणि काचतंतू ४,३००. पोलादाचा आकडा पाहून मुले नक्की चकित होतील. पोलाद मजबूत खरे, पण वजनाच्या मानाने त्यात ऊर्जा फार कमी साठते. तरीही भारतात पूर्वी पोलादी धनुष्ये बनत. ती मारा करण्यात उणी असली, तरी शस्त्रागारात वर्षानुवर्षे पडून राहिली तरी दमट हवेने बिघडत नसत.

यातच संमिश्र धनुष्याची दुखरी जागा दिसते. सरस पाणी शोषतो आणि मऊ होतो. कोरड्या गवताळ प्रदेशात उत्तम काम देणारे हे धनुष्य आपल्या पावसाळ्यात जिवापाड जपावे लागे. आमच्या धनुष्यात सरसाच्या जागी इपॉक्सी होते, आणि त्याला पावसाने नव्हे तर उन्हाने गाठले. दोन्ही ठिकाणी घात झाला तो जोडावरच.

चुलीवरचा कमठा

दिवाळीनंतर त्या मुलाबरोबर आम्ही त्याच्या पाड्यावर गेलो. घर भिल्ल समाजातले. चुलीच्या वर, धुराने काळाभोर झालेला कमठा आडव्या वाशाला टांगलेला होता. त्याची दोरी उतरवलेली होती. उंची जवळजवळ आमच्या खांद्याइतकी. आजोबांनी तो खाली काढला, पायाने दाबून दोरी चढवली आणि आमच्या हातात दिला. कुठेही जोड नाही, चिकटवलेले काही नाही. एक बांबूची फाड, बस्स. आणि दोरी? तीही बांबूचीच! सालीची एक लांब, पातळ पट्टी, आणि टोकाशी अडकवायला सुताचा फास.

बांबूच्या दोरीचे आम्हाला फार नवल वाटले. नंतर कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पाहिले. तिथे आयुधागाराच्या प्रकरणात चार प्रकारची धनुष्ये सांगितली आहेत : ताडाच्या लाकडाचे, बांबूचे, इतर लाकडाचे आणि शिंगाचे. विष्णूच्या धनुष्याला शार्ङ्ग म्हणतात, त्या शब्दाचा अर्थही 'शिंगाचे' असाच. प्रत्यंचेसाठी मूर्वा, रुई, ताग, स्नायू यांच्या जोडीला 'वेणू' म्हणजे बांबूही दिला आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ग्रंथात नोंदवलेली ही गोष्ट कळवणच्या एका चुलीवर टांगलेली होती.

बांबूच्या दोरीत भौतिकशास्त्रही आहे. बाण सुटताना दोरी रबरासारखी ताणली गेली तर ऊर्जा दोरीतच गुंतते. बांबूची साल फारच थोडी ताणली जाते आणि वजनाला हलकी असते. तिचा दोष एकच, ती दुमडता येत नाही. दुमडली की तिथे मोडते.

आम्ही आजोबांना विचारले, "बाबा, हा किती जाड ठेवायचा?" ते म्हणाले, "जाडी कोण बघतो? वाकवून बघायचा." या उत्तराचा अर्थ तेव्हा आम्हाला कळला नाही.

आमचे पहिले लाकडी धनुष्य

नाशिकला परतल्यावर आम्ही बांबू मिळवला. आपल्याकडे मानवेल नावाचा बांबू मिळतो. तो जवळजवळ भरीव असतो, म्हणून धनुष्याला सोयीचा. आम्ही फाड काढली, नीट सुकवली आणि प्रयोगशाळेतल्या सवयीप्रमाणे व्हर्निअर कॅलिपर घेऊन बसलो. दोन्ही बाजू दर पाच सेंटिमीटरला मोजून मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत सारख्या केल्या. मधल्या गाठी बाहेर आलेल्या होत्या, त्या रंधा मारून सपाट केल्या. धनुष्य दिसायला फार सुबक झाले. दोरी चढवली, अर्धे ओढले आणि ते एका गाठीपाशी काडकन मोडले. तुकडा एका मित्राच्या कानाजवळून गेला.

आमचे काय चुकले? काचतंतूंच्या धनुष्यात पदार्थ सगळीकडे सारखा असतो. तिथे जाडी सारखी म्हणजे ताठरपणा सारखा. बांबूत तसे नाही. एका पेरातले तंतू दाट, दुसऱ्यातले विरळ. एक बाजू उन्हाकडे वाढलेली, दुसरी सावलीत. जाडी सारखी केली तरी ताठरपणा सारखा होत नाही. शिवाय पट्टीचा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. १० मिलिमीटर जाडी ९ वर आणली तर जाडी फक्त १० टक्क्यांनी कमी होते, पण ताठरपणा सुमारे २७ टक्क्यांनी घटतो (०.९ × ०.९ × ०.९ = ०.७२९). आणि गाठ सपाट करताना तर आम्ही तिथून जाणारे तंतूच कापून टाकले होते. गाठीत तंतू सरळ न जाता वळसा घेतात. वरचा फुगवटा काढला की ते अर्ध्यावर तुटतात आणि ताण आला की तिथूनच चीर सुरू होते.

जीवा, शर आणि ताण

धनुष्यातला कोणता भाग किती ताणला जातो हे शाळेतल्या भूमितीने काढता येते. भूमितीत आपण वर्तुळाच्या दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषाखंडाला जीवा म्हणतो. जीवा म्हणजे मुळात धनुष्याची दोरी. जुन्या भारतीय गणितात जीवेच्या मध्यापासून कंसापर्यंतच्या अंतराला 'शर' म्हणत, म्हणजेच बाण. ही सगळी आकृतीच धनुष्याची आहे, हे मुलांना सांगितले तर व्याख्या पाठ करावी लागणार नाही.

जीवा 'ज' आणि शर 'श' असेल तर वर्तुळाची त्रिज्या काढण्यासाठी जीवेच्या वर्गाला शराच्या आठपटीने भागायचे आणि त्यात शराचा अर्धा मिळवायचा. पायथागोरसच्या प्रमेयावरून हे सूत्र नववीतली मुले स्वतः काढू शकतील. समजा बांबूची कामटी वाकवल्यावर जीवा १०० सेंटिमीटर आणि शर १५ सेंटिमीटर भरला. त्रिज्या येते ८३.३ + ७.५, म्हणजे जवळपास ९१ सेंटिमीटर. कामटीची पाठ तिच्या मूळ लांबीच्या किती पट ताणली गेली हे काढायला निम्म्या जाडीला त्रिज्येने भागायचे. जाडी १.२ सेंटिमीटर असेल तर ०.६ भागिले ९१, म्हणजे सुमारे ०.६६ टक्के. जाडी १.८ सेंटिमीटर असेल तर हाच आकडा १ टक्क्याजवळ जातो.

लाकूड साधारण एवढाच ताण सोसते. शिंग आणि कंडरा याच्या कितीतरी पट सोसतात. म्हणूनच संमिश्र धनुष्य आखूड करता येते आणि घोड्यावर बसून वापरता येते. लाकडी धनुष्य मात्र लांब ठेवावे लागते, म्हणजे तेवढेच ओढले तरी वळणाची त्रिज्या मोठी राहते आणि ताण आटोक्यात राहतो. अलेक्झांडरचा नौदलप्रमुख नेआर्कस याने भारतीय पायदळाच्या धनुष्याचे जे वर्णन केले, ते एरियन या लेखकाने जपून ठेवले आहे. त्यात धनुष्य माणसाच्या उंचीएवढे होते आणि ते जमिनीवर टेकवून डाव्या पायाने दाबून ओढत, असे म्हटले आहे. त्याच्या लांबीचे कारण या गणितात आहे.

आता आजोबांचे उत्तर उलगडते. धनुष्य सगळीकडे सारखे वाकले तर ताण सगळीकडे वाटला जातो. एखादी जागा कमकुवत राहिली तर सगळे वाकणे तिथेच गोळा होते, तिथली त्रिज्या लहान होते आणि ताण एक टक्क्याच्या पलीकडे जातो. म्हणून कारागीर जाडी मोजत नाही, वळण पाहतो. थोडे वाकवायचे, दूर धरून बघायचे, जी जागा ताठ दिसेल तिथे पोटाच्या बाजूने काचेच्या तुकड्याने थोडे खरवडायचे, पुन्हा वाकवायचे. कमकुवत जागेला मात्र हात लावायचा नाही. तिच्या आजूबाजूचे कमी करायचे. एकदा काढलेले लाकूड परत लावता येत नाही. चिकटवण्याच्या पद्धतीत चूक झाली तर आणखी एक थर देता येतो. इथे ती सोय नाही, म्हणून घाईही नाही. दुसरे धनुष्य आम्ही असे केले. त्याची जाडी मोजली तर दोन्ही बाजूंत बराच फरक निघाला, पण वळण सारखे होते. ते आजही चालते.

बांबू हाही संमिश्रच

इथवर आल्यावर आमच्या लक्षात आले की आपण संमिश्र धनुष्य सोडून साध्या धनुष्याकडे आलो, असे म्हणणे फारसे बरोबर नाही. बांबूची आडवी चकती घासून गुळगुळीत करा आणि भिंगातून पाहा. फिकट पार्श्वभूमीवर गडद ठिपके दिसतील. हे तंतूंचे जुडगे. आतल्या बाजूला ते विरळ आणि मोठे, सालीकडे जाता जाता बारीक आणि दाट. म्हणजे चिवट तंतू आणि त्यांना धरून ठेवणारा मऊ भाग, अशी ही रचना आहे. काचतंतू आणि इपॉक्सी यांची रचना तत्त्वतः तीच. फरक इतकाच की आमच्या धनुष्यात थरांची वाटणी एकदम बदलते, जोड येतो आणि जोडावर घात होतो. बांबूत दाटपणा हळूहळू बदलतो, जोड कुठेच नाही.

यूचे लाकूडही असेच. त्याचे बाहेरचे फिकट लाकूड ताण सोसते आणि आतले लालसर लाकूड दाब सोसते. इंग्लंडचे धनुष्यकार दोन्ही भाग एकाच फाडीत येतील अशीच फाड काढत. १५४५ साली बुडालेले 'मेरी रोझ' जहाज १९८२ मध्ये वर काढले. त्यावरची शंभराहून अधिक धनुष्ये शाबूत सापडली. १९९१ मध्ये आल्प्स पर्वतातल्या बर्फात सापडलेल्या सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाजवळही यूचेच धनुष्य होते. तेही अपुरे, अजून तासायचे राहिलेले.

आपल्या सह्याद्रीत यू नाही, पण धामण आहे. सापाचे नाव नव्हे, झाडाचे. संस्कृतात त्याला धन्वन आणि धनुर्वृक्ष अशी नावे आहेत. लाकूड चिवट आणि लवचीक. कावडीचे दांडे आणि अवजारांचे दांडे यासाठी ते वापरतात. झाडाच्या नावातच त्याचा गुणधर्म नोंदवून ठेवायची ही रीत वनस्पतींच्या धड्यात जरूर सांगावी.

वर्गात करून पाहा

१. बांबूच्या दोन सारख्या कामट्या घ्या, ३० सेंटिमीटर लांब, पतंगाच्या कमानीपेक्षा थोड्या जाड. एक सालीची बाजू बाहेर ठेवून वाकवा, दुसरी सालीची बाजू आत ठेवून. दोन्हींचा मोडण्याआधीचा शर मोजा. साल बाहेर असताना दाट तंतू ताण घेतात आणि आतला मऊ भाग दाबला जातो, त्यामुळे कामटी अधिक वाकते. मात्र काही प्रदेशांत धनुष्यकार जाड फाडीची साल पोटाकडेही ठेवतात. ते असे का करत असतील यावर मुलांना विचार करू द्या. वाकवताना डोळे सांभाळावेत. कामटीभोवती फडके धरावे.

२. बांबू पावसाळ्यानंतर थंडीत तोडावा, आणि तोही अंधाऱ्या पंधरवड्यात, म्हणजे भुंगा लागत नाही, असे पाड्यांवर सांगतात. भुंग्याला हवे असते बांबूतले पिष्ट. पावसाळ्यात नवे कोंब फुटतात तेव्हा साठवलेले पिष्ट त्यांच्या वाढीसाठी वापरले जाते. म्हणून ऋतूचा भाग सयुक्तिक आहे. पंधरवड्याचे काय? ते तपासता येईल. वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या तिथींना तोडलेल्या बांबूचा थोडा भुसा घ्या, त्यावर आयोडीनचे द्रावण टाका आणि निळा रंग किती गडद येतो ते शेजारी शेजारी ठेवून पाहा. वर्षभर चालणारा हा प्रयोग एखादी शाळा सहज करू शकेल. निष्कर्ष आधीच ठरवू नये, कोणत्याच बाजूने.

३. ओला बांबू तोला, सावलीत सुकवत दर आठवड्याला तोलत राहा. वजन स्थिर झाले की सुकला. चुलीवर टांगण्याचा हेतू हाच, शिवाय धुराने कीडही दूर राहते.

दोन सूचना. बाण न लावता दोरी ओढून सोडू नये. सगळी ऊर्जा मग धनुष्यातच परत जाते आणि ते फुटते. आणि प्राणी-पक्षी हे लक्ष्य असू नये. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे. लक्ष्य म्हणून पेंढ्याची गुंडाळी पुरे. बांबूबद्दल लोकांच्या मनात अजून धास्ती असते, पण २०१७ च्या दुरुस्तीनंतर वनक्षेत्राबाहेर लावलेला बांबू भारतीय वन कायद्यानुसार 'झाड' राहिलेला नाही. शाळेच्या कुंपणाला लावलेला बांबू तोडायला आता अडचण नाही.

शेवटी थोडे

काचतंतूंच्या धनुष्याला आम्ही नावे ठेवत नाही. ऊर्जेच्या हिशोबात ते लाकडाच्या पुढे आहे आणि ऑलिंपिकमध्ये तशीच आधुनिक पदार्थांची धनुष्ये वापरतात. पण तिथपर्यंत जाणारी वाट बांबूवरून जाऊ शकते. राजस्थानचे आदिवासी धनुर्धर लिंबाराम यांची सुरुवात बांबूच्या धनुष्यानेच झाली. पुढे ते १९८८, १९९२ आणि १९९६ अशा तीन ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळले. राष्ट्रीय स्पर्धांतही बांबू-लाकडाच्या धनुष्यांसाठी 'इंडियन राउंड' असा प्रकार आहे.

आम्हाला वाटते ती काळजी वेगळी आहे. ज्या मुलाने आम्हाला पाड्यावर नेले, तो विज्ञानाच्या तासाला मागच्या बाकावर गप्प बसणारा, असे त्याच्या गुरुजींनी सांगितले होते. स्थितिस्थापकतेची व्याख्या त्याला येत नव्हती. पण कोणता बांबू वाकेल, कोणता मोडेल, गाठीला कोयता का लावायचा नाही, हे त्याला ठाऊक होते, आणि आम्हाला, पदव्या असूनही, ठाऊक नव्हते. परीक्षेत त्याच्याजवळचे ज्ञान विचारले जात नाही आणि विचारलेले ज्ञान त्याच्याजवळ नाही. त्यामुळे आपल्याला काहीच येत नाही, असे तो समजून चालतो. आजोबांनंतर त्या घरात कमठा करणारे कोणी नाही, हेही त्यानेच सांगितले.

नंतरच्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा त्या शाळेत गेलो. या वेळी धनुष्य नेले नाही. आजोबांना बोलावले, बांबू आणि कोयता त्यांच्याजवळ, ताणकाटा आणि आलेखाचा कागद मुलांजवळ. आजोबा खरवडत होते, मुले दर वेळी बल मोजून आलेखावर ठिपके मांडत होती. वळण सारखे होत गेले तसे जास्त ओढूनही धनुष्य कुरकुरत नव्हते. कोणती जागा ताठ आहे हे आधी कोण ओळखतो अशी पैज लागली. बहुतेक वेळा तो मुलगा जिंकला, आणि का ओळखले हे फळ्याजवळ येऊन त्याने सांगितलेही.

आपल्या गावात कदाचित धनुष्य करणारे कोणी नसेल. पण टोपल्या विणणारे, नांगराला लाकूड निवडणारे, पतंगाची कमान तासणारे कोणीतरी असेलच. त्यांना एकदा शाळेत बोलवा. ताणकाटा आपल्याकडे आहेच.